भरल्या ताटावरून

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवावं का, हा प्रश्न लेक असलेल्या घरात कुणालाच पडत नाही. तिथले प्रश्न निराळे असतात. धोंडे तळायचे की उकडायचे, जावयाला अंगठी करायची की शर्टपीसवर भागवायचं, आणि विहिणीला साडी नेसवली नाही तर ती पुढचा अधिक येईपर्यंत किती वेळा बोलून दाखवील. नांदेडच्या उद्धवरावांच्या घरात मात्र त्या अधिक श्रावणात मुळालाच हात घालावा लागला. कारण त्या घरात जावई होता आणि लेक नव्हती.

मनस्विनीला जाऊन दोन वर्षं उलटली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत लातूरच्या एका दवाखान्यात ती गेली. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला तो राघवेंद्र, लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा, अंगानं आडवा-उभा सारखाच, बोलायला मऊ. पोरं पाठीमागे त्याला 'वजनदार सर' म्हणायची आणि त्याला ते ठाऊक होतं.

"लेकच नाही तर जावई कुठला, वहिनी?" उद्धवरावांची बहीण महामाया हिनं विचारलं. महामायाबाईंना कुठल्याही घरातलं बरोबर-चूक त्या घरातल्या माणसांपेक्षा आधी कळायचं. "उद्या तो दुसरं लग्न करील. मग त्याला धोंडे खाऊ घालणारी दुसरी सासू येईल. तुम्ही आपलं वाण देवळात देऊन मोकळ्या व्हा."

"वन्सं, मांडवात मी त्याचे पाय धुतले होते," गोदावरीबाई म्हणाल्या. "ते काय मनू हाय तोवरच्या बोलीवर धुतले होते का?"

यावर महामायाबाईंनी चहा मागितला.

खरं कारण गोदावरीबाईंनी नणंदेला सांगितलं नाही. सांगायला ते फार उघडंवाघडं होतं. त्यांना मनूचं नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. घरात ते नाव निघालं की उद्धवराव उठून गॅलरीत जायचे आणि तुळशीला सकाळीच घातलेलं पाणी पुन्हा घालायचे. नातेवाईक तर इतके जपून बोलायचे की बोलण्यात मनूच्या जागी नुसता खड्डा दिसायचा, आणि सगळे त्याला वळसा घालून पलीकडे जायचे. एक राघवेंद्रच होता जो सहज म्हणून जायचा, "मनूला हे आवडलं असतं." दर रविवारी त्याचा फोन यायचा. पहिल्या वर्षी तो फोन लांबायचा. हळूहळू आखडत गेला. आता 'जेवलात का', 'जेवलो', 'पाऊस हाय का', 'हाय', एवढ्यावर आला होता. हा धागा एक दिवस असाच तुटेल आणि मग आपली लेक जगात होती हे आपल्याशिवाय कुणाला आठवणारही नाही, ही गोदावरीबाईंना भीती होती.

म्हणून त्यांनी उद्धवरावांना विचारलंसुद्धा नाही. फोन उचलला.

"राघवेंद्रराव, अधिकाचं जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही."

पलीकडून आधी खोकला आला. मग, "येतो की आई. येतो."

"खोकून राहिलात?"

"पावसाळा हाय. क्लासमधी निम्मी पोरं खोकून राहिलीत. काही न्हाई."

तिकडच्या 'काही न्हाई'वर गोदावरीबाईंनी त्या दिवशी विश्वास ठेवला. माणूस ज्या बातमीची वाट पाहत असतो तेवढीच त्याला ऐकू येते, बाकीचं वाऱ्यावर जातं.

मनू लहानपणापासून भरलेली होती. भरलेली म्हणायचं, जाड म्हणायचं नाही, ही त्या घराची भाषा. दंडाला वळ्या, गालाला खळ्या, आणि कानामागे रोज काजळाची तीट. वजनकाटा घरात कधी आला नाही, कारण लेकरू मोजलं की त्याला दृष्ट लागते असं गोदावरीबाईंच्या आईनं सांगून ठेवलं होतं. शाळेत कधी वजनाची नोंद झालीच तर त्या रात्री मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जायच्या. पुढे लग्नाला आली तेव्हा एकदोन स्थळांनी नाक मुरडलं. मग राघवेंद्र आला, तिच्यापेक्षा दुप्पट, पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, आणि गोदावरीबाईंनी स्वयंपाकघरातूनच मनात होकार देऊन टाकला. लग्नात बायका म्हणाल्या, जोडा कसा खात्यापित्या घरचा वाटतो. त्या शब्दानं त्यांना जितका आनंद झाला तितका मनूच्या एम.एस्सी.नंही झाला नव्हता.

आणि या भरलेपणानंच पुढे घात केला. म्हणजे असं, की मनू जिना चढली की धापा टाकायची. बाजारातून आली की धापा टाकायची. धाप तिच्या पाचवीलाच पुजलेली. घरी सगळे तिला हसायचे आणि ती सगळ्यांत मोठ्यानं हसायची. मग त्या वर्षी ताप आला, चारसहा दिवस राहिला, आणि फोनवर बोलताना तिला दम लागायला लागला. "अगं, तू तर नेहमीचीच," गोदावरीबाई म्हणाल्या. राघवेंद्रही तेच म्हणाला. मनू स्वतः तेच म्हणाली. तिची कुठली धाप अंगाची आणि कुठली आजाराची हे कुणाला वेगळं करता आलं नाही, आणि ते कळेपर्यंत वेळ निघून गेली होती. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. नांदेडहून लातूर म्हणजे काही विलायत नव्हे, पण त्या दिवसांत ती विलायतच झाली. गोदावरीबाईंना शेवटी लेक दिसली ती फोनच्या काचेवर, तोंडाला मास्क, केस विस्कटलेले. काचेवर बोट फिरवलं तर चित्रच सरकून जायचं.

सगळं संपल्यावर तिथल्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं होतं, की जड अंगाच्या माणसाला हे छातीचे आजार जास्त अवघड जातात, तुमच्या हातात फारसं काही नव्हतं. गोदावरीबाईंनी हो हो म्हटलं. तेव्हापासून कुणाच्या बाळाच्या गुबगुबीत दंडाला हात लावायचा झाला की त्यांचा हात अर्ध्यावर थांबायचा.

ठरल्या दिवशी पुरण पहाटेच शिजलं. धोंडे उकडून ठेवले, तूप कढवलं, बत्तासे आणि अनारशांचं वाण तांब्याच्या ताम्हनात मांडलं. उद्धवराव सकाळपासून कशालाच नाही म्हणाले नाहीत, उलट स्वतः जाऊन विड्याची पानं आणली. राघवेंद्र लातूरच्या एसटीनं आला तेव्हा दुपार झाली होती. त्यांचं घर वरच्या मजल्यावर. जिन्यात पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली.

"राघवेंद्रराव, जरा वजन उतरवा," उद्धवराव वरून म्हणाले. "आमचा जिना तुमच्या नावानं बोंबलून राहिलाय."

राघवेंद्र हसला. हसू मध्येच तुटलं आणि तो कठड्याला धरून उभा राहिला. चेहरा उतरलेला, डोळे लालसर. बसमध्ये खिडकी लागत नव्हती, गार वारं लागलं, असं त्यानं न विचारताच सांगितलं. वाकून नमस्कार केला. गोदावरीबाई जिन्याकडे पाहत राहिल्या, कारण त्याच्या मागून अजून कुणीतरी जिना चढून येईल असं त्यांच्या कानाला वाटत होतं. कान वेडे असतात. त्यांना मेल्याचं पटत नाही.

हातपाय धुऊन झाले. पाणी पिऊन झालं. पाट मांडला, भोवती रांगोळी, समई लावली. ताटात धोंडे, त्यावर तुपाची धार, बाजूला आमटी, भात, कोशिंबीर, भज्यांचा ढीग. गोदावरीबाईंनी त्याला ओवाळलं. निरांजन त्याच्या चेहऱ्यापाशी गेलं तेव्हा ज्योत एकसारखी वाकत होती. पंखा तर त्यांनीच बंद केला होता.

"बसा. सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि तूप घेऊन समोर बसल्या. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. त्यांना धीर धरवला नाही. "मनूला उकडलेले आवडायचे. तुम्हाला तळलेले. तुमची भांडणं व्हायची म्हणे यावरून?"

राघवेंद्रच्या चेहऱ्यावर उजेड आला. "भांडणं? आई, मनू तर..." तो थांबला. श्वास घेतला. "मनू काय म्हणायची..." पुन्हा श्वास. "की तुमच्या... घरचा..."

गोदावरीबाई पुढे झुकून बसल्या होत्या. ते वाक्य त्यांना हवं होतं, भुकेल्याला भाकरी हवी असते तसं. पुढचा शब्द येईना. खांदे वर जात होते, खाली येत होते, आणि गळ्याखालची कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला आणि ओशाळून हसला.

"वजनच हाय ना," उद्धवराव मागून म्हणाले. "जिना चढून आलेत. घेऊ द्या दम."

पण जिना चढून किती वेळ झाला होता! गप्पा झाल्या, पाणी झालं, ओवाळणं झालं. जिन्याची धाप जिन्यावर राहते, ती माणसासोबत पाटावर येऊन बसत नाही. गोदावरीबाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते फोनमधून ऐकलं होतं, दोन वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्या हसल्या होत्या.

त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि जावयाच्या समोरचं ताट उचललं.

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यातून जावई, त्यातून अधिकमास. शत्रूलासुद्धा असं उठवत नाहीत.

"अगं, काय करून राहिलीस?" उद्धवराव ओरडलेच. "डोकं ठिकाणावर हाय का? ताटावरून उठवतात का जावयाला?"

"उठा," गोदावरीबाई राघवेंद्रला म्हणाल्या. "ताप किती दिवसांपासून हाय? खरं सांगा."

तो मान खाली घालून म्हणाला, "चारपाच... दिवस. गोळी घेऊन... आलोय."

"मग आलात कशाला?"

"तुम्ही बोलावलंत," तो म्हणाला.

एवढ्याशा उत्तरानं त्यांना जे व्हायचं ते झालं, पण रडायला वेळ नव्हता. करोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र कपाटातून निघालं, सेल बदलला, आणि त्यात जो आकडा आला तो पाहून उद्धवराव चपला शोधायला लागले. त्यांना ते आकडे समजत होते. दोन वर्षांपूर्वी रोज फोनवर तेच तर विचारत होते.

रिक्षा विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली. राघवेंद्रनं जवळपास सगळी सीट व्यापली होती, गोदावरीबाई कडेला अंग चोरून बसल्या होत्या आणि उद्धवराव पुढे चालकाच्या शेजारी. वाटेत एकदा राघवेंद्र म्हणाला, "वाण... राहिलं."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बत्तासे काय पळून जात नाहीत."

दवाखान्यात डॉ. पुनम म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला, नाकातला नमुना घेतला. संध्याकाळपर्यंत कळलं की स्वाइन फ्लू आहे आणि दोन्ही फुप्फुसांत पसरलाय. वजन विचारलं. राघवेंद्रनं सांगितलं. गोदावरीबाईंनी जावयाचं वजन पहिल्यांदाच ऐकलं आणि सवयीनं त्यांच्या मनात मीठ-मोहऱ्या आल्या.

"घाबरवत नाही, पण लपवतही नाही," डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "हाच आजार हलक्या अंगाच्या माणसाला चार दिवस झोपवतो आणि सोडतो. यांच्या पोटाचा भार छातीवर येतोय. फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलतच नाही, त्यातून हा संसर्ग. आणि अशा माणसांचं अजून एक असतं, आजी. ते दमलेले दिसले तर घरच्यांना नवल वाटत नाही. बरेचदा उशिरा आणतात. तुम्ही वेळेवर आणलंत."

'वेळेवर' हा शब्द ऐकून गोदावरीबाई भिंतीला टेकल्या. बरं वाटायला हवं होतं. पण एका लेकराला वेळेवर आणलं म्हटलं की दुसऱ्याला आणलं नाही हे त्याच शब्दात आलं. त्यांना त्या क्षणी मनू फार हवीशी वाटली. उद्धवरावांनी त्यांना बाकावर बसवलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा ते स्वतःहून म्हणाले, "मनूला पण आपण..." पण ते उठून गेले नाहीत. तिथे पाणी घालायला तुळस नव्हती हे खरं, तरी ते गेले नाहीत.

पुढचे दिवस वाईट गेले. राघवेंद्रच्या तोंडावर घट्ट मास्क बसवला होता, आत जोरानं हवा जायची. बोलायची मनाई. त्याला दिवसातून बराच वेळ पालथं झोपवायला सांगितलं होतं, म्हणजे पाठीकडचं फुप्फुस उघडतं. पण एवढं पोट असलेल्या माणसाला पालथं करणं म्हणजे काय खेळ आहे? चारजण लागायचे. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट अधांतरी. तो घाबरायचा, हात झाडायचा. महामायाबाईंनी फोन करून विचारलं की जावयाला ताटावरून उठवलं म्हणतात ते खरं का, सगळ्या गल्लीत झालंय. गोदावरीबाई म्हणाल्या, "खरं हाय वन्सं. तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही पण उठवा," आणि फोन ठेवला.

घरी आल्या की त्यांना स्वयंपाक सुचायचा नाही. आयुष्यभर ज्या हातांनी वाढलं त्या हातांना आता काय काम, हे कळायचं नाही. माया करायची तर ती ताटातूनच, दुसरी वाट त्यांना ठाऊक नव्हती. मनूवर रागावल्या तरी शेवटी तिच्या पानात दोन चमचे तूप जास्त पडायचं, आणि मायलेकींचा तंटा तिथे मिटायचा.

मग एका सकाळी डॉ. पुनम म्हणाल्या, "सुटलो असं आत्ताच म्हणणार नाही. पण कालच्यापेक्षा ऑक्सिजन कमी लागतोय. तुम्ही थोडा वेळ आत जाऊन बसा. त्यांना धीर येईल."

मास्क, झगा, हातमोजे घालून त्या आत गेल्या. राघवेंद्र पालथा होता, तोंड एका कुशीला, नाकाला आता साधी नळी. डोळा उघडून त्यानं पाहिलं. त्या स्टुलावर बसल्या. जेवलात का, हे ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

बोलला तोच. हळूहळू, थांबत थांबत, पण आता थांबल्यावर पुढचा शब्द येत होता.

"आई, एक सांगायचं राहिलं होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून... फोनवर कधी बोललो न्हाई. नंतर तर मनूचं नाव घ्यायचीच भीती वाटायला लागली. तुम्ही रडाल म्हणून."

"मी रडीन न्हाई तर काय करीन?" त्या म्हणाल्या. "तेच तर हवं होतं मला. सांगा."

"तिला पण असंच पालथं निजवायचे. तिची पाठ भरून यायची. मला फोनवर म्हणायची, आई असती तर पाठीवरून हात फिरवला असता. इथं कुणी... पाठीला हातच लावत न्हाई." तो थांबला. "मी म्हणालो, आल्यावर सांग आईला. ती म्हणाली, हो."

यंत्र आपलं टिकटिकत होतं. गोदावरीबाईंना वाटलं होतं लेकीनं शेवटी काहीतरी खायला मागितलं असेल, आणि ते आपल्याला देता आलं नाही. दोन वर्षं त्या मनातल्या मनात तिला पानं वाढत होत्या. तिनं मागितलं होतं ते हे. तूप नव्हे, पुरण नव्हे. नुसता हात.

समोर ती प्रचंड पाठ होती, दवाखान्याच्या निळ्या कपड्याखाली वर होत होती, खाली येत होती. त्यांच्या घराण्यात सासूनं जावयाच्या अंगाला हात लावायची रीत नव्हती. बोलणं अदबीचं, डोक्यावर पदर, मध्ये नेहमी एक ताट. आता ताट नव्हतं. त्यांनी हातमोजा घातलेला हात त्या पाठीवर ठेवला, मानेपासून खाली नेला, पुन्हा वर आणला. खाली, वर. राघवेंद्रचे डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. त्यांचंही मास्कच्या आत उतरत होतं, ते पुसायला दुसरा हात मोकळा होता, पण त्यांना आठवलं नाही. कुठली पाठ कुणाची, हेही मग त्यांनी मनाला विचारलं नाही.

"झोप रे," त्या म्हणाल्या. "मी हाय."

नर्स पडदा सारून म्हणाली, "आजी, वेळ झाली."

"हो, उठतेच," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि हात फिरवत राहिल्या.